दुरुस्तीनंतर ब्रेक सुटत नाहीत? सुटे भाग बदलण्यापूर्वी दाब तपासणे आवश्यक

म्हैसूर : शहरालगतच्या, सुमारे १,०६० मीटर उंचीच्या चामुंडी डोंगरावरून उतरताना किंवा उटीहून मसिनगुडीमार्गे म्हैसूरकडे येताना लागणाऱ्या कल्हट्टी घाटाच्या ३६ वळणांवर ब्रेक निकामी होण्याची धास्ती चालकाला असते. मात्र दुरुस्तीनंतर पेडलवरून पाय काढला तरी चाक धरून ठेवणारे ब्रेकही अखेरीस त्याच संकटाकडे नेतात.

पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑईलचा दाब चाकांपर्यंत पोहोचतो. पाय काढल्यावर हे तेल एका बारीक छिद्रातून टाकीत परतते. छिद्र उघडलेच नाही, तर दाब अडकतो आणि पॅड डिस्कवर घासत राहून तापतात. ‘डॉट ३’ दर्जाच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या ऑईलबाबत तो १४० अंशांपर्यंत घसरू शकतो. तेल उकळले की त्यात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. न सुटणारे ब्रेक मग लागतही नाहीत.

दोष शोधायचा तो ब्रेक धरलेले असतानाच. चाके थंड झाल्यावर सपाट जागी, इतर चाकांना ठोकळे लावून गाडी जॅक व स्टँडवर घ्यावी आणि अडकलेल्या चाकाचा ब्लीडर निपल किंचित सैल करावा. चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकला होता. चाक तसेच राहिले, तर गंजलेला कॅलिपर पिस्टन, घट्ट झालेल्या पिना किंवा मागील चाकांत हँडब्रेकची अति ताणलेली केबल तपासावी.

दाब एकाच चाकात अडकत असेल, तर संशय रबरी होज पाईपवर घ्यावा. बाहेरून धडधाकट दिसणारा पाईप आतून सुजलेला असला, की तेल जाऊ देतो, परतू देत नाही. सर्वच चाके धरत असतील, तर मास्टर सिलिंडर बूस्टरला जोडणारे नट सैल करून तो काही मिलिमीटर पुढे सरकवावा. चाके सुटली, तर मधला पुशरॉड लांब आहे किंवा पेडलला मोकळी चाल उरलेली नाही. नवा मास्टर सिलिंडर किंवा बूस्टर बसवताना ही लांबी जुळवण्याचे अनेकदा राहून जाते, आणि निर्दोष कॅलिपर मात्र बदलले जातात. नट सैल करूनही चाके सुटली नाहीत, पण सिलिंडरला जोडलेले पाईप सैल करताच सुटली, तर दोष सिलिंडरच्या आत आहे.

सर्वांत खर्चिक चूक तेलाची. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑईल किंवा अन्य खनिज तेल पडल्यास रबरी सील फुगतात. अशा वेळी केवळ तेल बदलून भागत नाही. पाईप धुऊन तेलाच्या संपर्कातील सर्व रबरी भाग बदलावे लागतात.

निपल सैल केल्यानंतर यंत्रणेतील हवा काढून, तेलाची पातळी भरून घेणे अनिवार्य आहे. त्यानंतर सपाट रस्त्यावर काही किलोमीटर गाडी चालवून प्रत्येक चाकाजवळ, डिस्कला स्पर्श न करता, हात धरून पाहावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेले आढळल्यास घाटात न जाता गाडी पुन्हा जॅकवर घ्यावी.