जोडीचे सुख, एकट्याचे सुख

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातले पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रातून, तसेच तेलंगणा, कर्नाटक, आंध्रातल्या तांड्यांतून माणसे इथे येतात. जगदंबेला आणि सेवालाल महाराजांच्या समाधीला भोग लावतात, मनातले मागून घेतात. पोराचे लग्न जमू दे, पोरीला चांगले घर मिळू दे, हे मागणे तर घरोघरचे. ज्यांच्यापुढे ते मांडले जाते ते सेवालाल महाराज (जन्म १५ फेब्रुवारी १७३९) आजन्म अविवाहित राहिले. ३० ऑक्टोबर २०२० रोजी देह ठेवलेले समाजाचे धर्मगुरू रामराव महाराजही ब्रह्मचारीच होते. लग्नाशिवाय आयुष्य अपुरे मानणारा समाज ज्या दोन माणसांपुढे सर्वांत खाली वाकतो, त्या दोघांनीही संसार मांडला नाही. एकट्या माणसाचे आयुष्य भरलेले असू शकते, हे पोहरादेवीला कुणी नव्याने सांगायला नको. प्रश्न आहे तो साध्या माणसाचा. लग्नाने तो खरोखर सुखी होतो का?

‘आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, शून्य ते दहात सांगा,’ असे मोठ्या पाहण्यांमध्ये विचारतात. अनेक देशांत विवाहितांची सरासरी वरचढ निघते. एवढ्यावरून लग्नाला श्रेय देण्याची घाई मात्र फार झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बेला डीपाउलो यांचा आक्षेप बिनतोड आहे: विवाहितांच्या गटात आपण आज लग्नात टिकून असलेल्यांनाच मोजतो, ज्यांचे लग्न मोडले ते दुसऱ्या गटात जातात. औषध सोसले नाही म्हणून ते सोडून दिलेल्या रोग्यांना वगळायचे आणि उरलेल्यांवरून औषध गुणकारी ठरवायचे, असाच हा हिशेब झाला.

म्हणून तीच माणसे वर्षानुवर्षे पाहावी लागतात. जर्मनीत असे झाले. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये २४ हजारांहून अधिक लोकांची १५ वर्षांची उत्तरे तपासली. लग्नाच्या आसपास समाधान थोडे वर चढते आणि काही वर्षांत सरासरी जिथल्या तिथे येते, असे त्यांना दिसले. ज्यांची लग्ने पुढे टिकली ती माणसे लग्नाआधीही इतरांपेक्षा जास्त समाधानी होती. म्हणजे सुखी माणसे लग्न करतात आणि टिकवतात, हेही तितकेच खरे. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती सरासरीखाली दडलेली: काहीजण लग्नानंतर कायमचे वर गेले, तर जवळपास तितकेच कायमचे खाली आले. सरासरीचा आकडा या दोन्ही घरांबद्दल काहीच सांगत नाही.

शरीराची साक्ष यापेक्षा स्पष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ ज्युलिअॅन होल्ट-लुनस्टॅड यांनी २०४ विवाहित आणि ९९ अविवाहितांच्या दंडाला यंत्र बांधून दिवसभर, झोपेतसुद्धा, रक्तदाब नोंदवला. २००८ मध्ये आलेला निष्कर्ष असा: सुखी संसार असलेल्यांचा रक्तदाब सर्वांत कमी, अविवाहितांचा त्याहून जास्त, आणि संसारात धुसफुस असलेल्यांचा अविवाहितांपेक्षाही जास्त. एकटे राहण्याची बाजू घेणाऱ्यांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. मित्रांचा भक्कम आधार असलेल्या अविवाहितांचा रक्तदाबही या प्रयोगात सुखी जोडप्यांइतका उतरला नाही. चांगल्या सोबतीचे बळ खरे आहे. पण ते बळ लग्नविधीतून येत नाही, घरातल्या रोजच्या वागण्यातून येते. मानसशास्त्रज्ञ जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी ४२ जोडप्यांच्या हातांवर बारीक फोड उठवून ती भरून येण्याचा वेग मोजला. एकमेकांना टाकून बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या सुमारे ६० टक्के वेगानेच भरत होत्या.

आता हे सगळे आपल्या मुलखात आणून पाहू. या भागातल्या तांड्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाची उचल ठरते ती कोयत्यावर. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे ‘अर्धा कोयता’. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. पहाटे उठून चूल तिनेच पेटवायची, पोरही तिनेच सांभाळायचे. पोटासाठी जोडी लागत असेल तर लग्न लवकर उरकले जाते आणि मुलीची शाळा तिथेच सुटते. जर्मनीतल्या पाहणीत अशी लग्ने कुठून असणार? ज्या माणसाला लग्न करण्या-न करण्याची निवडच नाही, त्याच्या सुखाचे माप परदेशी सरासरीने काढणे मला अन्यायाचे वाटते.

स्त्रीच्या बाबतीत तर जुने अनुमानच डळमळते. विवाह माणसाला आत्महत्येपासून बराच सावरतो, असे समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्खेम यांनी १८९७ मध्ये आकड्यांवरून मांडले. पण हे संरक्षण स्त्रियांपेक्षा पुरुषांना जास्त मिळते, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार, २०१६ मध्ये जगात आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतीय होत्या आणि आपल्याकडच्या अशा मृत्यूंमध्ये विवाहित स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा होता. अभ्यासकांनी सांगितलेली कारणे आपल्या परिचयाची आहेत: लहान वयातले लग्न, लवकर आलेले आईपण, घरातली मारहाण, हाती पैसा नसणे. बंजारा लग्नात नवरी माहेरच्या एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. सगळ्या तांड्यासमोर, सुरात, मोठ्याने रडते. आपल्याला आपल्या माणसांतून उचलले जात आहे हे तिला पक्के ठाऊक असते, आणि ते उघड बोलण्याची मुभा समाजाने तिला त्या दिवशी तरी दिली आहे. पुढची वर्षे ती कुणापाशी रडणार?

आणि जोडी फुटली तर? शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्राचे पॅकेज मिळालेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वाशीम आहे. त्या प्रत्येक आत्महत्येमागे बहुधा एक बाई उरते. जुन्या पिढीच्या बंजारा बाईच्या कानशिलांवर लोंबणारी चांदीची घुगरी-टोपली ही तिच्या सौभाग्याची खूण. नवरा गेला की ती उतरवायची. बाईचे एकटेपण असे चारचौघांत जाहीर होते. लुकास यांच्या पाहणीत जोडीदार गमावलेल्यांना पूर्वीच्या समाधानाच्या जवळपास यायला सरासरी आठ वर्षे लागली, तीही सामाजिक सुरक्षा असलेल्या देशात. इथे कर्ज तिच्या माथी येते, जमिनीवर नाव लागायला दीर-सासऱ्यांची मिनतवारी करावी लागते, आणि हळदी-कुंकवाला कुणी बोलावत नाही.

होल्ट-लुनस्टॅड यांनीच २०१० मध्ये १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. ज्यांची नाती घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. नुसते लग्न झाले आहे का, घरात एकटे राहतात का, असे मोजले की परिणाम फिका पडत होता. कुटुंब, शेजार, मित्र, समाजातला वावर हे सगळे धरून मोजले, तेव्हा तो सर्वांत ठळक दिसला. रामराव महाराजांभोवती हे सारे होते. दारात रोज माणसे, शब्दाला मान, दुखल्या-खुपल्याला धावणारे हात. त्यांना कुणी ‘अर्धे’ म्हटले नाही.

हाच मान तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुलीला, टाकलेल्या बाईला, विधवेला का मिळू नये? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. ग्रामसभेत असा ठराव मांडायला एक पैसा लागत नाही. पुढच्या रामनवमीला पोरीसाठी घर मागाल, तेव्हा त्या घरात तिचे ऐकून घेणारे कुणी आहे का, याची चौकशी आधी करून या. आणि घरात एकटी राहिलेली बहीण असेल, तर सातबाऱ्यावर तिचे नाव लावा, आणि घरातल्या पुढच्या कार्यात तिला मान द्या.