पहिल्या पंधरवड्यानंतरची मुले

नैसर्गिक आपत्तीनंतर मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांपुढची सर्वांत मोठी अडचण काळाची असते. मदतीचा ओघ पहिल्या पंधरवड्यात येतो; मूल सावरायला मात्र वर्षे लागतात. वर्तमानपत्रातली बातमी आतल्या पानावर गेली की देणग्या आटतात आणि नेमकी तेव्हाच मुलांची खरी निकड सुरू होते. परीक्षेची फी भरायची असते, नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला दरमहा हातभार लागतो, रात्री दचकून उठणाऱ्या लेकराजवळ कोणीतरी बसावे लागते.

महाराष्ट्राने हे किल्लारीत पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. ५२ गावे इतकी उद्ध्वस्त झाली की ती नव्या जागी वसवावी लागली. काही मुलांचे आईवडील गेले होते. त्याहून कितीतरी अधिक मुलांचे पालक वाचले होते, पण घर, धान्य, जनावरे आणि शाळा यांतले काही शिल्लक नव्हते. या दोन गटांची गरज वेगळी असते, हे मदत करणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही.

शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने त्या भागातली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. पुढे त्यांच्यासाठी वाघोली येथे शाळा आणि वसतिगृह असलेले कायमचे संकुल उभे राहिले. किल्लारीची मुले मोठी झाल्यावरही ते बंद पडले नाही. मेळघाटातली आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुले तिथे शिकू लागली. दुसरा प्रयत्न भूकंपाच्या मुलखातच झाला. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केले. इथली मुले आपल्याच बोलीत आणि आपल्याच माणसांच्या जवळपास वाढली. दोन्ही कामांचे मोल एकाच गोष्टीत आहे : ती पंधरवड्यात संपली नाहीत.

तरीही वसतिगृह किंवा अनाथालय हे प्रत्येक आपत्तीवरचे उत्तर नाही. आज बालहक्कांच्या क्षेत्रातले बहुतेक जाणकार मुलाला शक्यतो नात्यातल्या माणसांकडेच ठेवावे असे मानतात, आणि त्यामागे कडू अनुभव आहे. २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतातल्या बालगृहांची पाहणी झाली. तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. लेकरू शिकेल या आशेने घरच्यांनीच त्यांना पाठवले होते. जो पैसा बालगृहाला मिळत होता, तो कुटुंबाला मिळाला असता तर ही ताटातूट टळली असती. २०१० साली हैतीच्या भूकंपानंतर काही अमेरिकी धर्मप्रचारकांना ३३ मुले सीमेपलीकडे नेताना अडवण्यात आले. ‘अनाथ’ म्हणून नेल्या जाणाऱ्या त्या मुलांपैकी बहुतेकांचे पालक जिवंत निघाले. हेतू चांगला असला तरी गोंधळाच्या दिवसांत मूल हलवणे धोक्याचे असते, आणि त्याच गोंधळाचा फायदा मुलांची विक्री करणारेही उठवतात.

भारतात यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू आहे. एकटे सापडलेले मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. आधी नातेवाइकांचा शोध, मग तात्पुरता सांभाळ आणि कोणीच न सापडल्यास कायदेशीर दत्तकविधान असा क्रम असतो. आपत्तीच्या बातम्या पाहून ‘एक मूल आम्हाला द्या’ असे फोन करणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण दत्तकाचा रस्ता त्या समितीतूनच जातो. असे मूल दिसल्यास १०९८ या हेल्पलाइनवर कळवणे हे कोणालाही करता येण्याजोगे काम आहे.

मुलाच्या मनाला बसलेला धक्का मोठ्यांसारखा बोलून दाखवला जात नाही. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईचा पदर सोडत नाही, छपराखाली झोपायला घाबरते. काही मुले घर पडण्याचाच खेळ पुन्हा पुन्हा खेळतात. पाहणाऱ्याच्या काळजात चर्र होते. पण घडले ते समजून घेण्याची मुलाची ती धडपड असते आणि त्याला रागावून थांबवू नये. किशोरवयातली मुले गप्प होतात किंवा शाळा सोडून कामाला लागतात. मुलीचे लग्न घाईने उरकले जाण्याचा धोकाही याच काळात वाढतो. बहुतेक मुलांना डॉक्टरपेक्षा ठरलेला दिनक्रम, ओळखीची माणसे आणि खेळायला जागा यांची गरज असते. थोड्यांना मात्र तज्ज्ञांचे उपचार लागतात, आणि ती मुले ओळखणारा प्रशिक्षित कार्यकर्ता गावात टिकून राहणे महत्त्वाचे ठरते. छावणीत एखादा मांडव घालून गाणी, चित्रे आणि खेळ रोज ठरल्या वेळी सुरू करणे हे त्यामुळेच अन्नपाण्याइतके निकडीचे काम मानले जाते. शाळेची घंटा लवकर वाजू लागावी, हाही त्याचाच भाग. २६ जानेवारी २००१च्या कच्छ भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने गुजरातेत ३६८ शाळा उभारल्या, त्या याच विचाराने.

देणगीदाराने काय द्यावे? बहुतेक वेळा पैसेच. त्सुनामीनंतर नागपट्टणम परिसरात जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ते निवडून उपयोगात आणण्याचे वेगळे काम पुढे ‘गूंज’सारख्या संस्थेला करावे लागले. पैसा तिथल्याच बाजारात खर्च होतो आणि बुडालेल्या दुकानदारालाही उभे करतो. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दोन-तीन वर्षे दरमहा जाणारी छोटी रक्कम संस्थेला अधिक उपयोगी पडते, कारण समुपदेशकाचा आणि शिक्षकाचा पगार त्यातूनच निघतो. ‘पगारावर खर्च नको, वस्तूच द्या’ ही अट मुलांच्या बाबतीत चुकीची आहे. मुलाला सावरणारे माणूसच असते.

संस्था निवडताना न्यासाची नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब आणि प्राप्तिकराच्या सवलतीची मान्यता पाहावी. पण कागदपत्रांवर थांबू नये. आपत्तीपूर्वी ही संस्था त्या भागात होती का? मुलांना कुटुंबात ठेवण्यासाठी ती काय करते? कार्यकर्त्यांची पार्श्वभूमी तपासते का? दुसऱ्या वर्षीचा आराखडा आहे का? रडणाऱ्या मुलाचा चेहरा, नाव आणि गाव छापून पैसे मागणाऱ्या संस्थेपासून दूर राहिलेले बरे. ते मूल उद्या त्याच गावात शाळेत जाणार असते.

मोठ्या आपत्तींखेरीज दरवर्षीच्या पुरांतही मुलांचे नुकसान होते. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर आणि सांगलीत पाणी शिरले तेव्हा शाळांचे पहिले सत्र निम्म्यावर आले होते. अशा वेळी पाठ्यपुस्तके, दप्तर, गणवेश आणि वाहून गेलेले दाखले पुन्हा मिळवून देणे हे काम गावातला शिक्षक आणि तालुक्यातली छोटी संस्था चांगले करू शकतात. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसे नसतात, म्हणून देणगीदारालाच त्यांच्यापर्यंत जावे लागते.