दादरच्या चौपाटीवरची गाणी

दरवर्षी ६ डिसेंबरला मुंबईत दादरला माणसांचा पूर येतो. नागपूर, नांदेड, जालना, सोलापूर, कुठून कुठून लोक येतात. कुणी रेल्वेने येतो, कुणी ट्रकमध्ये बसून. डोक्यावर गाठोडे, हाताला धरलेली पोरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत निधन झाले. त्यांचा देह विमानाने मुंबईस आणला. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' हे त्यांचे घर आहे. तेथून अंत्ययात्रा निघाली. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या जागेला आपण चैत्यभूमी म्हणतो.

चैत्यभूमीचे दर्शन झाले, की लोक जवळच्या शिवाजी पार्ककडे वळतात. तेथे दुकाने मांडलेली असतात. दोन वस्तूंना गिऱ्हाईक फार. एक पुस्तके आणि दुसरी गाणी. पूर्वी गाण्याच्या कॅसेटी मिळत. मग चकत्या आल्या. आता बोटाएवढ्या पट्टीत शेकडो गाणी मावतात. या गाण्यांना भीमगीते म्हणतात. तुम्ही ती ऐकली असतीलच. १४ एप्रिलच्या जयंतीला गावोगाव कर्ण्यावर लागतात. गाणे सर्वांना पाठ असते, पण ते रचले कोणी, हे विचारले तर दहांतले नऊ जण गप्प बसतात. म्हणून त्यांची थोडी ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

आरंभ जलशापासून करावा लागेल. जलसा म्हणजे तमाशाच्या धर्तीचा खेळ. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज, सारे तेच. पण आतला मजकूर वेगळा. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे जलसे आधी निघाले. बाबासाहेबांची चळवळ वाढली, तसे त्यांच्या विचारांचे जलसे निघाले. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक यांचा जलसा त्यांत फार गाजला. मुलांना शाळेत घाला, दारू सोडा, मेलेल्या जनावरांचे मांस खाऊ नका, पाणवठ्यावर आपलाही हक्क आहे, या गोष्टी ते सवाल-जबाबांतून सांगत. ऐकणाऱ्यांत वाचता येणारा क्वचित. वर्तमानपत्र त्याच्या काय कामाचे? गाणे मात्र कानातून शिरते आणि तोंडातून निघते. ते दुसऱ्या दिवशी शेतावर जाते, जात्यावर जाते, गिरणीत जाते. आपल्या दहा सभा आणि एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण जुनी माणसे सांगतात.

आता वामनदादा कर्डक. आडनाव एक, जिल्हा एक, पण माणसे दोन, बरं का! वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी जन्मले. घरची गरिबी. शाळेचे तोंड पाहिले नाही. पोटासाठी मुंबईला आले आणि मिळेल ते काम केले. गिरणीत राबले, कोळसा वाहिला, चिक्की विकली. शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत ते राहत. एके दिवशी एक माणूस पत्र घेऊन त्यांच्याकडे आला. म्हणाला, एवढे वाचून दाखवा. वामनदादांना एक अक्षरही येत नव्हते. तरण्याताठ्या माणसाला रडू कोसळले. पत्र आणणाऱ्याने काही वावगे बोलले नव्हते. त्याने फक्त कागद पुढे केला होता.

मग वामनदादा चाळीतल्या एका मास्तरांकडे बसले. बाराखडी गिरवली. जोडाक्षरे अडू लागली, तेव्हा रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचायचा नाद लावून घेतला. आम्ही जन्मभर मुलांना शिकवले. जोडाक्षरे शिकवायची याहून सोपी युक्ती आम्हांलाही ठाऊक नाही. तुम्हीही करून पाहा. एस.टी.च्या पाटीवर, औषधाच्या बाटलीवर, पिठाच्या गिरणीवर जोडाक्षरे फुकट वाचायला मिळतात.

१९४३ साली वामनदादांनी पहिले गाणे रचले. पुढे गाण्यांचा ओघ थांबला नाही. हजारो गाणी त्यांनी रचली आणि गावोगाव फिरून स्वतः गायिली. मिळेल ती भाकर खायची, मिळेल तेथे निजायचे. मानधनासाठी कुणाशी घासाघीस नाही. गाण्याची भाषा कशी? चुलीजवळ बोलतो तशी. बाबासाहेबांचे कायद्याचे आणि घटनेचे अवघड काम त्यांनी आईच्या, पाखराच्या, शिदोरीच्या गोष्टींतून समजावले. १९७३ साली त्यांचा 'वाटचाल' हा गीतसंग्रह छापून निघाला. ज्याला पत्र वाचता येत नव्हते, त्याचे पुस्तक झाले. १९९३ साली वर्ध्याला आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष वामनदादा होते. १५ मे २००४ रोजी ते वारले.

गाणे वामनदादांचे, हे ओळखायचे कसे? शेवटचे कडवे नीट ऐका. त्यात बहुधा 'वामन' हे नाव गुंफलेले असते. तुकाराम महाराजांच्या अभंगात 'तुका म्हणे' येते, तसेच हे. परंतु कधी वेळ नाही म्हणून, कधी दुसऱ्या कारणाने, गाणारा ते कडवे गाळतो. कॅसेटीवर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव मुंगीएवढे. हे आम्हांला बरे वाटत नाही. गळा मोठा खरा, पण शब्दांवाचून गळा काय करील?

गळ्यांबद्दलही सांगितले पाहिजे, कारण तेही सामान्य नाहीत. दादरला लागूनच नायगाव आहे. तेथे १९३१ साली विठ्ठल उमप जन्मले. लोकगीत, भारूड, कव्वाली, भीमगीत, त्यांनी सारे गायिले. त्यांचे 'जांभूळ आख्यान' फार नावाजले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम चालू असताना ते व्यासपीठावरच कोसळले आणि त्यांचे प्राण गेले. दुसरे प्रल्हाद शिंदे. मूळचे मंगळवेढ्याकडचे. विठ्ठलाची गाणी त्यांनी गायिली, कव्वाल्या गायिल्या आणि भीमगीतेही गायिली. वारकऱ्याच्या घरात आणि बौद्धवाड्यात एकच आवाज घुमे. तेही २००४ सालीच गेले. त्यांचे मुलगे आनंद व मिलिंद, आणि नातू आदर्श यांनी गाणे पुढे चालवले. बायकांत वैशाली शिंदे, सुषमादेवी यांची नावे आहेत. अलीकडे छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचे नाव घरोघर झाले. हातात एकतारी घेऊन त्या दारोदार गात असत. कुणीतरी मोबाईलवर त्यांचे गाणे टिपले आणि ते देशभर गेले.

अशी गाणी फक्त आपल्याकडेच निपजतात असे नाही. अमेरिकेत लुईझियाना नावाचा प्रांत आहे. तेथले काळे शेतमजूर घरात फ्रेंच भाषा बोलत. शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरातले सामान हलवून ते नाचगाण्याला जागा करीत. वाद्ये कोणती? गळ्यात अडकवायची हवेची पेटी, म्हणजे अकॉर्डियन, आणि कपडे घासायचा पन्हाळीचा पत्रा! क्लिफ्टन शेनिए हा त्यांचा मोठा गायक. तो १९२५ साली जन्मला. त्याने त्या पत्र्याचे जाकीट बनवून घेतले. ते त्याचा भाऊ छातीवर अडकवी आणि बाटलीची बुचे उघडायच्या चाव्यांनी खरखर वाजवी. या संगीताला झायडेको म्हणतात. घेवड्याच्या शेंगांच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव पडले, असे मानतात. आमच्या शेंगा खारट नाहीत, अशी त्यांच्यात म्हण होती. म्हणजे शेंगांत टाकायला खारवलेल्या मांसाचा तुकडासुद्धा घरात नाही. १९८४ साली शेनिएला अमेरिकेतले 'ग्रॅमी' हे संगीताचे मोठे पारितोषिक मिळाले. १९८७ साली तो वारला.

दादरला जाण्याचा योग आला, तर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरावे. चौपाटीपर्यंत पायी जाता येते. ६ डिसेंबरला गर्दीत मुले सांभाळावीत आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. दुकानावर गाणी घेताना गाण्यांची चोपडीही मागावी. वामनदादांच्या गीतांचे संग्रह छापलेले आहेत. रात्री घरी गाणे लावावे, चोपडी उघडावी आणि ऐकता ऐकता ओळीखाली बोट फिरवावे. चाल आधीच पाठ असते, त्यामुळे पुढचा शब्द कोणता हे कान सांगतो आणि डोळ्याला अक्षर लवकर ओळखू येते. शेवटचे कडवे आले, की बोट जरा थांबवावे आणि 'वामन' ही तीन अक्षरे कुठे आहेत ते पाहावे.