धातूच्या अंगचा रंग

जपानी सामुराईच्या तलवारीची कीर्ती तिच्या पोलादी पात्यामुळे जगभर पसरली असली, तरी रसिकाची दृष्टी खिळून राहते ती तिच्या मुठीच्या साजावर, आणि त्यातही ‘त्सुबा’ नावाच्या तळहाताएवढ्या परजावर. पंधराव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासाच्या पदरी असलेल्या गोतो युजोच्या घराण्याने हे कसब सतरा पिढ्या सांभाळले.

या कलेचे मर्म असे, की तिच्यात रंग धातूवर चढवीत नाहीत. तो धातूच्याच अंगातून प्रकट करतात. तांब्यात शेकडा तीन ते पाच भाग सोने मिसळले की ‘शाकुदो’ होतो, आणि सुमारे चतुर्थांश चांदी मिसळली की ‘शिबुइची’. कोरीव काम पुरे झाल्यावर वस्तू घासून निर्मळ करतात, किसलेल्या मुळ्याच्या रसात बुचकळतात आणि जंगाल व मोरचूद घातलेल्या उकळत्या पाण्यात हलवीत राहतात. तेव्हा एकाच भांड्यात शाकुदो जांभळट झाक असलेला गर्द काळा होतो, शिबुइची करडा होतो, तांबे तांबूस खुलते आणि जडवलेले सोने मात्र आपले तेज तसेच राखते. याच काळ्या भूमीवर ‘नानाको’चे काम असते: टोकाशी खोलगट असलेल्या ठशाच्या एकेका ठोक्यासरशी एकेक दाणा उठतो, आणि खसखशीएवढ्या त्या दाण्यांच्या रांगा कोठेही वाकड्या होत नाहीत.

२८ मार्च १८७६ रोजी मेइजी सरकारने फर्मान काढून सैनिक, पोलीस आदी मोजक्या वर्गांखेरीज इतरांना तलवार लावून फिरण्यास मनाई केली आणि या कारागिरांचा शतकांचा आश्रय संपला. परंतु हुन्नर संपले नाही. परज घडविणाऱ्या कानो नात्सुओने नव्या सरकारी नाण्यांचे नमुने कोरले, पुढे तोक्योच्या कलाशाळेत अध्यापन केले, आणि १८९० साली त्याला राजदरबारी कलावंताचा मान लाभला. इतर अनेकांनी तेच मिश्रधातू व त्याच छिन्न्या घेऊन परदेशी प्रदर्शनांसाठी फुलदाण्या आणि धूपपात्रे घडविली.

अशी एखादी जुनी वस्तू कोणा वाचकाच्या संग्रही असेल, तर चिंच किंवा राख घेऊन ती उजळण्याच्या फंदात त्याने कदापि पडू नये. कारण तिच्यावरचा काळेपणा हा मळ नसून कारागिराने अखेरीस साधलेला रंग आहे, आणि घासण्याने प्रथम नाहीसा होतो तो तोच.