नागपूरची लांबी किती?

'नागपूर' हा शब्द देवनागरीत टाइप करून संगणकाला त्याची लांबी विचारली, तर उत्तर कोणत्या प्रोग्रामिंग भाषेत विचारलं यावर अवलंबून असतं. गो भाषेतलं 'लेन' १८ सांगतं, पायथनचं 'लेन' ६ सांगतं आणि स्विफ्टचं 'काउंट' ४. दुसरीतल्या पोराला विचारा, तोही बोटं मोजून चारच म्हणेल: ना, ग, पू, र. गंमत म्हणजे तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. गो बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. पायथन युनिकोडची चिन्हं मोजतं, त्यात काना आणि ऊकार स्वतंत्र धरले जातात. स्विफ्ट डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजतं. मोजणीत खोट नाही, खोट नावात आहे. लांबी कशाची, हे 'लेन' सांगतच नाही.

रोमन लिपीत नागपूर लिहिलं की सहा अक्षरं, सहा चिन्हं, सहा बाइट. तिन्ही आकडे जुळत असल्यामुळे 'कशाची?' असं विचारायची वेळ कुणावर आलीच नाही आणि नाव अगदी स्वच्छ वाटत राहिलं. फंक्शनांच्या नावांबद्दल गेल्या पन्नास वर्षांत जे काही झालं, ते मला या एका गोष्टीच्या उजेडात नीट दिसतं. नाव ठेवणाऱ्याने मनात काय गृहीत धरलं होतं ते नावात उतरलं नाही, की ते नाव कधीतरी कुणाला तरी नडतंच.

प्रोग्रामिंग भाषा आपल्याबरोबर तयार फंक्शनांचा जो संच देते, ती तिची स्टँडर्ड लायब्ररी. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहानमध्ये एखादी टीम स्वतःच्या फंक्शनला वाकडंतिकडं नाव देते, तेव्हा रिव्ह्यू करणारा विचारतो, "काहून भाऊ, हे करते काय नेमकं?" दुपारपर्यंत नाव बदललेलं असतं. स्टँडर्ड लायब्ररीला ही सोय नाही. तिथलं नाव एकदा बाहेर पडलं की जगभरातले प्रोग्राम त्यावर उभे राहतात. युनिक्समध्ये फाइल तयार करणाऱ्या 'क्रिएट'च्या स्पेलिंगमधला शेवटचा 'ई' गाळलेला आहे. पुन्हा युनिक्स लिहिलं तर काय बदलाल, असं विचारल्यावर युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन म्हणाले होते की तो 'ई' घालीन. तो अजून घातला गेलेला नाही.

सी भाषेतली नावं इतकी आखूड का, याचं कारण लहरीपणा नव्हे. त्या काळातले लिंकर, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडणारी साधनं, बाहेरच्या नावाची पहिली सहाच अक्षरं ओळखतील एवढीच खात्री होती. १९८९च्या सी मानकानेही त्याहून जास्तीची हमी दिली नाही. 'स्ट्रलेन', 'स्ट्रकम्प' ही मंडळी त्या सहा अक्षरांच्या खोलीत वाढली. आखूड नावांचा हा हिशेब आपल्याकडे जुनाच आहे. पाणिनीने 'टि', 'घु', 'भ' अशा एकाक्षरी संज्ञा ठेवल्या, कारण ग्रंथ तोंडपाठ करायचा होता. पण पाणिनीने या संज्ञांची व्याख्या आत दिली आहे. 'स्ट्रकम्प' मात्र दोन शब्द सारखे असले की शून्य परत करतं, आणि सीमध्ये शून्य म्हणजे 'नाही'. दोन शब्दांमधला क्रम सांगणाऱ्या फंक्शनला नुसतं 'तुलना' असं नाव पडलं, म्हणून पहिल्या वर्षाची मुलं आजही 'सारखे असतील तर' अशी अट उलटी लिहून बसतात.

नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ज्यांनी टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर प्रॅक्टिकल केली, त्यांना 'स्ट्ररेव्ह' आठवत असेल. शब्द उलटा करायचा, 'मॅडम' पॅलिंड्रोम आहे हे दाखवायचं, जर्नलवर सही घ्यायची. पुढे नोकरीत लिनक्सवर तोच प्रोग्राम चढवला की कंपायलर म्हणतो, असलं फंक्शन नाही. 'स्ट्ररेव्ह' सीच्या मानकात कधीच नव्हतं, ते कंपायलर विकणाऱ्यांनी आपल्या पदरचं घातलेलं. पण आडनाव घराण्याचं लावल्यामुळे ते घरचंच वाटलं. (मानकाने 'स्ट्र' आणि पुढे लहान लिपीतलं अक्षर अशी सगळी नावं भविष्यासाठी राखून ठेवली आहेत. ते कलम व्हायव्हात कुणी विचारत नाही.)

तेच प्रॅक्टिकल मराठीत करून बघावं. पायथनमध्ये 'नागपूर' चिन्हाचिन्हाने उलटं केलं की 'रूपगान' मिळतं. इतका देखणा शब्द की चूक झाली असं वाटतही नाही. काना 'न'वरून उठून 'ग'वर बसला, ऊकार 'प' सोडून 'र'ला चिकटला. उलट 'नवजीवन' हा अक्षरांनी पाहिला तर खरा पॅलिंड्रोम: न, व, जी, व, न. पण संगणक त्याचं 'नवीजवन' करतो आणि पॅलिंड्रोम नाही म्हणून निकाल देतो. 'रिव्हर्स' या नावाने काय उलटं करणार हे सांगितलं नव्हतं.

पीएचपीची कथा याहून रंगतदार आहे. शब्दात शब्द शोधणारं फंक्शन 'स्ट्रपॉस', जोडून लिहिलेलं. बदलणारं 'स्ट्र_रिप्लेस', मध्ये अधोरेषा. एकात आधी गवताची गंजी (ज्यात शोधायचं ते) द्यायची मग सुई (जे शोधायचं ते), दुसऱ्यात सुई आधी. भाषेचे जनक रासमुस लेर्डोर्फ यांनी २०१३ मध्ये सांगितलं की अगदी सुरुवातीला फंक्शन शोधण्याच्या तक्त्याची किल्ली नावाच्या लांबीवरून ठरायची. म्हणून लांब-आखूड नावं सगळ्या मापांत विखुरलेली बरी पडत. म्हणजे नाव वाचणाऱ्यासाठी नव्हतंच, तक्त्यासाठी होतं. 'या शब्दात तो शब्द आहे का' एवढा साधा प्रश्न सरळ नावाने विचारायला 'स्ट्र_कंटेन्स' आलं ते २०२० मध्ये, पीएचपी ८ बरोबर.

जावास्क्रिप्टमध्ये तर चांगलं नाव हाताशी असून वापरता आलं नाही. यादीतल्या याद्या मोडून एक सपाट यादी करणाऱ्या फंक्शनला 'फ्लॅटन' म्हणायचं ठरलं होतं. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीने त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन आधीच चिकटवून ठेवलेलं आणि तिच्यावर चालणारी जुनी संकेतस्थळं कोलमडली असती. २०१८च्या मार्चमध्ये कुणीतरी थट्टेने 'स्मूश' हे नाव सुचवलं, त्यावर बराच गोंधळ झाला आणि शेवटी 'फ्लॅट'वर तडजोड झाली.

नावाने सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती? माझ्या मते, हे फंक्शन माझ्या हातातली वस्तू बदलणार की तिला हात न लावता उत्तर देणार. सी++ मध्ये 'एम्प्टी' म्हणजे 'रिकामं आहे का?'. पण वाचताना ते 'रिकामं कर' अशी आज्ञाही वाटते. इतके जण फसले की सी++२० मध्ये उत्तर वापरलं नाही तर कंपायलरने टोकावं अशी खूण तिथे लावावी लागली. त्याच भाषेतलं 'रिमूव्ह' काहीच काढत नाही. ठेवायच्या गोष्टी पुढे सरकवतं आणि यादीची लांबी तेवढीच राहते. पायथनने २००४ मध्ये 'सॉर्ट'च्या शेजारी 'सॉर्टेड' आणलं. पहिलं मूळ यादीच लावून टाकतं, दुसरं लावलेली नवी यादी देतं. २०१६ मध्ये स्विफ्ट ३ ने हाच भेद सगळ्या लायब्ररीचा नियम केला: बदल घडवणाऱ्याला आज्ञार्थी क्रियापद, नुसतं उत्तर देणाऱ्याला त्याचं 'ईडी' किंवा 'आयएनजी' लावलेलं रूप. त्या एका आवृत्तीत असंख्य जुनी नावं बदलली. प्रोग्रामरांनी शिव्या घातल्या, पण मला ते धाडस आवडतं.

तारखेचं प्रकरण थोडक्यात सांगतो. जावाच्या पहिल्या 'डेट'मध्ये 'गेटडे' वार सांगायचं, 'गेटडेट' तारीख आणि 'गेटइयर' वर्षातून १९०० वजा करून. २०१४च्या जावा ८ मध्ये 'गेटडेऑफमंथ' आणि 'गेटडेऑफवीक' आली. लांब आहेत, पण कागदपत्रं उघडावी लागत नाहीत.

आता आपल्या लिपीकडे परत. पायथनमध्ये 'इझअल्फा' नावाचं फंक्शन आहे. सगळी अक्षरंच आहेत ना, एवढं ते तपासतं. 'नगर' दिलं तर होकार. 'नागपूर' दिलं तर नकार. काना आणि ऊकार युनिकोडच्या लेखी 'अक्षर' नाहीत, अक्षराला जोडायच्या 'खुणा' आहेत. ऑनलाइन अर्जात नावाची तपासणी या फंक्शनने केली तर 'कमल' पास होते आणि 'मीना' नापास. ज्याने ते वापरलं त्याला दोष द्यावा, तर नाव त्याला दुसरं काही सांगत नव्हतं.

कधीकधी दुसऱ्याच लिपीमुळे नाव सुधारतं. शब्दाच्या सुरुवातीची रिकामी जागा काढणाऱ्या फंक्शनला रस्टमध्ये 'ट्रिम_लेफ्ट' म्हणत. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातली उर्दू पाटी वाचणाऱ्याला विचारा, ओळ सुरू कुठून होते. उजवीकडून. म्हणजे 'लेफ्ट' म्हणत फंक्शन उजवीकडची जागा काढत होतं. २०१८ मध्ये 'ट्रिम_स्टार्ट' आलं, जुनं नाव पुढच्या वर्षी बाद ठरवलं गेलं. जावास्क्रिप्टनेही 'ट्रिमस्टार्ट' घेतलं, जुनं नाव मात्र मागच्या दाराने चालू ठेवलं.

नागपूरला नावं ठेवण्याच्या मोठ्या प्रयोगाची ओळख नवी नाही. पारिभाषिक शब्द घडवणारे कोशकार डॉ. रघुवीर १९४६ मध्ये लाहोरहून आपली संस्था घेऊन इथे आले, तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. त्यांची पद्धत ठरलेली: एक मूळ घ्यायचं आणि उपसर्ग-प्रत्यय लावून अख्खं कुटुंब उभं करायचं. विधी, विधान, विधेयक. एक कळलं की बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो. स्विफ्टच्या नियमामागे हेच तत्त्व आहे. पण या पद्धतीचा दोषही रघुवीरांच्या कोशात दिसतो. सगळं कुटुंब एकाच साच्यातून काढलं की लोकांच्या तोंडी आधीच बसलेला शब्दही त्या साच्यासाठी हुसकावला जातो. तोंडी बसलेला शब्द आणि साच्यातला शब्द यांत निवड करायची झाली, तर मी बहुतेक वेळा पहिल्याच्या बाजूने आहे, तो फसवा नसेल तोवर. 'लेन' फसवा आहे.

मग उपाय काय? गोमध्ये चिन्हं मोजायची असतील तर 'यूटीएफ८' पॅकेजमधलं 'रूनकाउंटइनस्ट्रिंग' वापरावं लागतं. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण ते काय मोजतं याबद्दल शंका राहत नाही. पीएचपीत 'स्ट्रलेन', 'एमबी_स्ट्रलेन' आणि 'ग्रॅफीम_स्ट्रलेन' अशी तीन मापं तीन नावांनी आहेत. आखूड नाव बाइटला मिळालं, कारण तो आधी आला. अक्षर मोजणाऱ्याने लांब नाव टाइप करावं, असा हा व्यवहार.

पण अक्षर म्हणजे काय, हेही स्थिर नाही. 'विदर्भ' शब्दात आपण तीन अक्षरं मोजतो: वि, द, र्भ. युनिकोडच्या जुन्या नियमाने ती चार होती, कारण 'र्' आणि 'भ' वेगळे पडत. सप्टेंबर २०२३च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम आला आणि तीन झाली. ज्या यंत्रावर जुना तक्ता आहे तिथे अजून चारच. फंक्शन तेच, नाव तेच, उत्तर वेगळं. अशा कटकटींमुळे रस्टने अक्षरं मोजण्याचं काम स्टँडर्ड लायब्ररीत ठेवलंच नाही, बाहेरच्या पॅकेजवर सोडलं. स्विफ्टने उलटं केलं. 'काउंट' हे सगळ्यात सोपं नाव अक्षरांना दिलं आणि त्यासाठी अख्खा शब्द चाळण्याचा खर्च पत्करला. मराठीत काम करणाऱ्याला स्विफ्टची बाजू जवळची वाटते. पण डेटाबेसमधल्या रकान्याची मर्यादा ठरवायची असेल, तर रस्टचं मौन जास्त भरवशाचं.