खोल पाण्यातली चराई

गुरे रानात सोडली की दिवसभर ती कुठे चरली हे गुराख्यालाच ठाऊक असते. पण तिन्हीसांजेला गोठ्यात शिरणाऱ्या गाईची कूस पाहून घरातली आजी लगेच सांगते, "आज हिचे पोट भरलेले नाही." महिन्या-दोन महिन्यांत तिच्या बरगड्या दिसू लागल्या, की रानातला चारा संपत आला हेही वेगळे सांगावे लागत नाही. जनावराच्या अंगावरून कुरणाची परीक्षा होते, ती अशी.

आता अशा एका जनावराची कल्पना करा, की ज्याचे कुरण समुद्रात अर्धा किलोमीटर खोल, काळ्याकुट्ट अंधारात आहे. ते एकदा चराईला निघाले की सात-साडेसात महिने जमिनीला पाय लावीत नाही. त्याच्या पाठी गुराखी कसा जाणार? तरीही त्याने कुठे, किती खोल आणि किती वेळा तोंड घातले, याचा मिनिटामिनिटाचा हिशेब आज मांडता येतो.

हा प्राणी म्हणजे सील. आपल्या किनाऱ्यावर तो नाही, म्हणून थोडी ओळख करून देतो. सील दिसायला माशासारखा असला तरी मासा नव्हे. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, व्यायला आणि कात टाकायला जमिनीवर येतो. यातली सर्वांत मोठी जात म्हणजे हत्ती-सील. नराचे नाक सोंडेसारखे लोंबते, म्हणून हे नाव. उत्तर पॅसिफिक महासागरातला नर दोन टनांपर्यंत भरतो, मादी साधारण अर्ध्या टनाची. अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि शेजारच्या मेक्सिकोचा किनारा हे त्यांचे घर. एकोणिसाव्या शतकात चरबीच्या तेलासाठी त्यांची इतकी कत्तल झाली की शतकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर शंभराच्या आतच उरले. मेक्सिकोने १९२२ साली त्यांना संरक्षण दिले, मग अमेरिकेनेही दिले, आणि तेवढ्या बियाण्यातून आजची सुमारे दोन लाखांची संख्या उभी राहिली.

त्यांच्या पाठी यंत्र बांधण्याची युक्ती मात्र आधी दक्षिण ध्रुवाकडे निघाली. १९६० च्या दशकात जेराल्ड कूयमन या तरुण अमेरिकन संशोधकाने तिथल्या वेडेल सीलवर प्रयोग केले. त्याचे यंत्र म्हणजे स्वयंपाकघरात वेळ मोजायला वापरतात ते साठ मिनिटांचे गजराचे घड्याळ आणि काजळी धरलेली काच. घड्याळ फिरे तशी काच फिरे, आणि पाण्याचा दाब वाढेल तशी सुई काजळीवर रेघ ओढी. बर्फात एकच भोक पाडून सीलला तिथून सोडत. आसपास दुसरे भोक नसल्याने श्वासासाठी त्याला तिथेच परत यावे लागे, आणि यंत्रही परत मिळे. त्या काजळीवरच्या रेघांनी सांगितले की सील ६०० मीटर खोल जातो आणि ४३ मिनिटे श्वास रोखतो. मला या कामातली ही सुरुवातच सर्वांत आवडते, कारण तिला लागले ते घरातले घड्याळ आणि चिकाटी.

पुढे कॅलिफोर्नियात सांता क्रूझ येथील विद्यापीठाच्या बर्नी ल बफ यांनी १९८३ साली आन्यो न्वेव्हो या ठिकाणी हत्ती-सीलच्या माद्यांवर अशी यंत्रे लावली. इथे बर्फाचे भोक नव्हते, समोर उघडा महासागर होता. पण संध्याकाळी गाय जशी आपल्याच खुंट्यापाशी येते, तशी ही मादी फिरून त्याच किनाऱ्याला येते, हा भरवसा होता. माद्या परत आल्या, आणि नोंद पाहणाऱ्यांना ती खरी वाटेना. एका मादीने पहिल्या अकरा दिवसांत ६५३ बुड्या मारल्या होत्या, रात्रंदिवस, मध्ये म्हणावी अशी विश्रांती न घेता.

एक बुडी साधारण वीस मिनिटांची, वर येऊन दोन-तीन मिनिटे श्वास, की पुन्हा खाली. खोली ४०० ते ६०० मीटर. आपल्याकडे हजार फुटांचे बोअर घेतले तर गावभर चर्चा होते. ही मादी दिवसातून साठेक वेळा त्याच्या दीडपट खोल जाऊन येते. उत्तरेकडच्या हत्ती-सीलची आतापर्यंत नोंदलेली सर्वांत खोल बुडी १७०० मीटरच्या पुढची आहे. कळसूबाई शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाखाली फुप्फुसे चेपतात, म्हणून बुडी घेताना सील श्वास भरून घेत नाही, उलट सोडतो. लागणारा प्राणवायू त्याच्या रक्तात आणि मांसात साठवलेला असतो, आणि खाली हृदयाचे ठोके मंदावतात.

पुढे यंत्रे सुधारली. मादी डोके पाण्याबाहेर काढते त्या दोन मिनिटांत डोक्यावरचे यंत्र उपग्रहाला खूण पाठवते, आणि तिची वाट नकाशावर उमटते. वर्षातून दोनदा ही चराई होते. हिवाळ्यात विऊन, पिलू तोडून मादी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघते आणि दोन-अडीच महिन्यांनी कात टाकायला येते. मग जूनच्या सुमारास पुन्हा निघते ती थेट डिसेंबर-जानेवारीत, पोटात पिलू घेऊन. वर्षाची चाल सुमारे १८,००० किलोमीटर भरते. माद्या उघड्या महासागरात पांगतात, तर नर अलास्काच्या बाजूला किनाऱ्यालगतच्या उथळ तळाच्या कडेने जातात.

झोपेचे कोडे २०२३ साली सुटले. डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी बसवली, तेव्हा दिसले की समुद्रात असताना ही मादी दिवसाला सरासरी दोनच तास झोपते, आणि तेही बुडीत असताना, दहा-दहा मिनिटांच्या डुलक्या घेत. झोप लागली की अंग उलटे होऊन झाडाच्या पानासारखे गरगरत खाली जाते. पृष्ठभागावर झोपले तर शार्क आणि ओर्का टपलेले असतात.

एवढी धावपळ कशासाठी? जपानी संशोधकांनी माद्यांच्या जबड्याची हालचाल मोजली. ही अर्ध्या टनाची मादी बोटा-दोन बोटांएवढी मासळी खाते, दिवसाला हजार ते दोन हजार. दिवसाचे वीस ते चोवीस तास खाण्यात जातात. आपल्यातली कोणी बाई एकेक दाणा वेचून घर चालवू लागली तर तिला उसंत मिळेल का?

आणि हा सगळा साठा किनाऱ्यावर खर्च होतो. व्यायल्यावर मादी सुमारे चार आठवडे पिलू पाजते, आणि त्या काळात तिच्या तोंडात घासही जात नाही. आपल्या म्हशीच्या दुधाला सहा-सात टक्के फॅट लागली तर आपण खूष असतो. या दुधाची फॅट शेवटी निम्म्यावर जाते. चाळीसेक किलोचे पिलू महिन्यात सव्वाशे किलोच्या पुढे जाते आणि आईचे वजन चाळीस टक्क्यांनी उतरते. समुद्रात कमी पडले, तर पिलू लहान राहते, आणि लहान पिलू पहिल्या सफरीतून परत येण्याचा संभवही कमी.

मादी समुद्रात असतानाच तिच्या अंगावर चरबी किती चढली, हे कळण्याची एक सुरेख रीत आहे. भाताचे बियाणे आपण मिठाच्या पाण्यात टाकतो, हलके दाणे वर तरंगतात. तेच तत्त्व. काही बुड्यांत मादी पोहणे थांबवून नुसती वाहत राहते. चरबी पाण्याहून हलकी, त्यामुळे रोड मादी भरभर बुडते, भरलेली सावकाश. बुडण्याचा वेग मोजला की तिची प्रकृती कळते. किनाऱ्यावर परतल्यावर गुंगीचे औषध देऊन, कापडी झोळीत घालून तिवईला टांगून वजनही करतात. आन्यो न्वेव्होच्या अशा अनेक दशकांच्या नोंदींवरून २०२५ साली रॉक्सॅन बेल्ट्रान व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या वजनवाढीवरून खोल समुद्रातल्या मासळीच्या पिकाचा अंदाज बांधता येतो.

हा अंदाज महत्त्वाचा अशासाठी, की दोनशे ते हजार मीटर खोलीवरची ही मासळी मोजणे अतिशय अवघड आहे आणि माणसाची नजर तिच्यावर पडली आहे. ती माणसाच्या ताटासाठी नको असते. वाळवून भुकटी करायची, आणि ती कोंबड्यांच्या व पाळलेल्या मासळीच्या खाद्यात घालायची, असा विचार काही देशांत चालू आहे. कोंबडीखाद्याचा भाव कसा चढतो हे तुमच्यापैकी अनेकांना चांगले माहीत आहे, तेव्हा या विचाराला हसण्याचे कारण नाही. पण ज्या कुरणाचे माप हाती नाही, तिथे विळा घालण्याआधी तिथल्या जुन्या चरणाऱ्याचे वजन पाहून घ्यावे, असे मला वाटते.

आणखी एक शंका तुमच्या मनात येईल, की डोक्यावरच्या या ओझ्याचा मुक्या जीवाला त्रास होत असेल. यंत्र मुठीएवढे असते आणि केसांना डिंकासारख्या द्रव्याने चिकटवतात. मादी किनाऱ्यावर येताच ते काढून घेतात. राहून गेलेच, तर कात टाकताना केसांबरोबर आपोआप गळते. दक्षिणेकडच्या मॅक्वारी बेटावर यंत्रवाले आणि बिनयंत्राचे हत्ती-सील यांची तुलनाही करून पाहिली आहे. वजनात आणि जगण्यात फरक आढळला नाही.