पृथ्वीराजापलीकडचे चौहान

चौहान म्हटले की पृथ्वीराज आणि दिल्लीचे तख्त, एवढेच बहुतेकांना आठवते. पण हे घराणे मुळात राजस्थानातल्या सांभर सरोवराच्या परिसरातले, शाकंभरीचे चाहमान. बाराव्या शतकात अजयराजाने अजमेर वसवले, तेव्हा राजधानी तिकडे गेली. पृथ्वीराजही राज्य करत होता ते अजमेरहूनच.

आईचे वडील अनंगपाल तोमर यांनी दिल्ली त्याला दिली, ही कथा ‘पृथ्वीराज रासो’तली. रासोची आज मिळणारी रूपे पृथ्वीराजानंतर काही शतकांनी आकाराला आली. त्याच्या दरबारी कवी जयानकाचे ‘पृथ्वीराजविजय’ हे काव्य वेगळेच सांगते. संस्कृतचे अभ्यासक ग्यॉर्ग ब्यूलर मुंबई सरकारसाठी हस्तलिखिते शोधत असताना त्यांना काश्मीरमध्ये भूर्जपत्रावर लिहिलेली त्याची प्रत मिळाली. त्यात पृथ्वीराजाची आई कर्पूरदेवी ही कलचुरी राजकन्या आहे. म्हणजे तोमर आजोबाच उरत नाही!

दिल्ली चौहानांच्या सत्तेखाली आणली ती पृथ्वीराजाच्या चुलत्याने, चौथ्या विग्रहराजाने. त्याचा आपल्याला पडलेला विसर मला फार खटकतो. दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यातला अशोकस्तंभ नीट पाहावा. अशोकाच्या ब्राह्मी लेखांसोबत त्यावर विग्रहराजाचा ११६४ सालचा संस्कृत लेखही कोरलेला आहे आणि त्यात हिमालय ते विंध्य या टापूतल्या विजयांचा दावा आहे. (स्तंभ तेव्हा टोपरा या गावी होता, फिरोजशाह तुघलकाने तो पुढे दिल्लीत आणला.) हा राजा नाटककारही होता. त्याच्या ‘हरकेलि’ नाटकाचे कोरलेले शिलाखंड अजमेरच्या ‘अढाई दिन का झोंपडा’ या मशिदीत सापडले.

पृथ्वीराजाने आक्रमक मुहम्मद घोरीला सतरा वेळा हरवून सोडून दिले, हेही खरे नाही. तराईच्या मोठ्या लढाया दोनच: ११९१ मध्ये पृथ्वीराज जिंकला, ११९२ मध्ये हरला आणि त्यानंतर लवकरच मारला गेला. आंधळ्या पृथ्वीराजाने आवाजाच्या रोखाने बाण सोडून घोरीला मारले, ही शब्दवेधी बाणाची गोष्ट इथेच कोसळते, कारण घोरीचा खून झाला तो थेट १२०६ मध्ये, गझनीकडे परतताना. आणि फितूर म्हणून बदनाम झालेला कनौजचा राजा जयचंद? त्याने घोरीला बोलावल्याचा समकालीन पुरावा नाही. उलट ११९४ मध्ये चंदावरला घोरीच्या फौजेशी लढतानाच तो पडला. त्याच्या नावाची शिवी करणे हा अन्यायच आहे.

पृथ्वीराजाबरोबर घराणेही संपले नाही. त्याचा मुलगा गोविंदराज रणथंभोरला गेला. तिथल्या शाखेचा हम्मीर १३०१ मध्ये अलाउद्दीन खिलजीशी झुंजत पडला. बुंदी आणि कोट्यात तर हाडा चौहानांची गादी विसाव्या शतकापर्यंत चालली.